पीव्हीडी स्केल मराठीत आणलं, त्याची सगळी हकीकत

मागच्या वर्षभरात बऱ्याच जणांनी विचारलं की परदेशी स्केल, म्हणजे मनातलं काहीतरी मोजायची प्रश्नावली, मराठीत आणायचं असेल तर सुरुवात कुठून करायची, आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच काढते. मी सायकॉलॉजीत पीएचडी करतेय, साताऱ्याकडची आहे, नोकरी सांभाळून करतेय, फेलोशिप वगैरे काही नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण नेटवर याबद्दल जे सापडतं ते बहुतेक टीम आणि ग्रँट असलेल्या लोकांनी लिहिलेलं असतं, ते वाचून आपल्याला वाटतं हे आपल्या आवाक्यातलं नाहीच.

स्केलचं पूर्ण नाव पर्सीव्ह्ड व्हल्नरेबिलिटी टू डिसीज, सगळे पीव्हीडी म्हणतात. डंकन, शॅलर आणि पार्क यांचा २००९ चा पेपर आहे. एकूण १५ वाक्यं, प्रत्येकापुढे १ ते ७ मधला एक आकडा लिहायचा, १ म्हणजे अजिबात पटत नाही आणि ७ म्हणजे पूर्ण पटतं. त्यातली ७ वाक्यं 'मला साथीचे आजार पटकन होतात का' हे मोजतात आणि ८ वाक्यं जंतूंची किळस, म्हणजे दुसऱ्याची बाटली, शिंका, चावलेली पेन्सिल असल्या गोष्टी. १५ पैकी ६ वाक्यं उलटी आहेत, त्यांचे मार्क फिरवून मोजायचे. या सहांनी पुढे मला किती छळलं ते येईलच.

विषय घेतला तो अर्थातच कोविडमुळे. पण नुसता कोविड म्हणून नाही. आजार टाळायची जी आपली मनातली यंत्रणा असते तिला शॅलर 'बिहेवियरल इम्यून सिस्टिम' म्हणतात, आणि त्यांच्याच गटाचं २००४ चं काम आहे की आजाराची धास्ती जास्त असलेली माणसं परक्या, अनोळखी देशांतून आलेल्या लोकांबद्दल जास्त नाखूश असतात. ते वाचल्यावर मला आपल्याकडचं काय काय आठवलं ते सांगायला नको. लॉकडाऊनमध्ये मुंबई-पुण्याहून गावी परतलेल्यांना वेशीवर अडवलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

जून २०२२ मध्ये सुरुवात केली ती परवानगीपासून. स्केल नेटवर फुकट मिळतं म्हणून परवानगी लागत नाही असं समजू नका, एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी समिती, पहिला कागद हाच मागते. पेपरवर छापलेला इमेल पत्ता अनेकदा जुना झालेला असतो, म्हणून लेखकाच्या विद्यापीठाच्या सध्याच्या पानावरून पत्ता घ्या, मेल छोटा ठेवा, कोणती भाषा, कशासाठी, किती जणांवर, बस. परवानगी लेखी आली की लगेच पीडीएफ करून ठेवा.

एथिक्स कमिटीचं प्रकरण मात्र लांबलं. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून अर्ज लिहिला होता, तरी तो परत आला, कारण संमतीपत्र फक्त इंग्रजीत जोडलं होतं असं नाही, मराठीत होतं, पण त्या मराठीचं इंग्रजी भाषांतर बरोबर आहे असं प्रमाणपत्र नव्हतं. मग ते आणलं. मग कळलं कमिटीची मीटिंग तीन महिन्यांतून एकदाच होते आणि या वेळची दिवाळीमुळे पुढे गेलीय. ऑगस्टमध्ये दिलेल्या अर्जाचं पत्र डिसेंबरात हातात आलं. मधल्या काळात नुसती बसून राहिले असते तर वेड लागलं असतं, म्हणून भाषांतरं करून घेतली, कारण त्यात कुणाकडून डेटा घ्यायचा नसतो. एक साधी गोष्ट सांगते, मीटिंगची तारीख क्लार्कला विचारा आणि त्याच्या उलट्या क्रमाने तुमचं वेळापत्रक बसवा. आणि हो, संमतीपत्र डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत, म्हणजे दुकानातल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये, टाइप करून घेऊ नका, नंतर कमिटीने चार शब्द बदलायला सांगितले की फाइल आपल्या कॉम्प्युटरवर उघडत नाही आणि परत दुकानात जावं लागतं. युनिकोडमध्ये स्वतः टाइप करा, हळू झालं तरी चालेल.

भाषांतराला बीटन आणि सहकाऱ्यांची २००० सालची पद्धत वापरली, बहुतेक जण तीच वापरतात. दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचं, एक विषय माहीत असलेला आणि एक अजिबात माहीत नसलेला. मग दोन्ही समोर ठेवून एक करायचं, मग ते मूळ न पाहिलेल्या दोघांकडून परत इंग्रजीत. या शेवटच्या दोघांची मातृभाषा इंग्रजी असावी असं पद्धतीत म्हटलंय. आता साताऱ्यात कुठून आणू? शेवटी न्यू जर्सीत जन्मलेली माझी मामेबहीण कामाला आली, तिकडच्या बीएमएमच्या, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, मराठी शाळेत शिकल्यामुळे तिला देवनागरी वाचता येतं, फक्त फार सावकाश. तिने पैसे घेतले नाहीत. बाकी तिघांना प्रत्येकी दोन-तीन हजार दिले. लहान रक्कम आहे, पण द्या, कारण फुकटात केलेलं काम लोक चहा पिता पिता करतात आणि ते दिसतं.

या काळात मी दुसऱ्या देशांतल्या लोकांनी काय केलं ते वाचत होते. जपानी आणि स्पॅनिशमध्ये पीव्हीडी आलेलं आहे. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो तुर्कीतल्या अ‍ॅडॅप्टेशन पेपर्सचा, म्हणजे परकं स्केल आपल्या भाषेत कसं आणलं ते सांगणाऱ्या पेपर्सचा, कुठल्याही स्केलचे असोत. तिथे हा प्रकार इतका रुळलाय की पेपरची रचना ठरलेली असते, आधी भाषा, मग तज्ज्ञ, मग फॅक्टर म्हणजे वाक्यांचे गट कसे पडतात ते, मग रिटेस्ट म्हणजे त्याच लोकांकडून परत भरून घेणं, आणि नवख्या माणसाला ते चांगलंच असतं, काय काय करायचं राहिलंय ते लगेच दिसतं. वाचता वाचता मला वाटायचं, हस्तांदोलनानंतर हात धुण्याचं जे वाक्य आहे ते तुर्की माणसाला कसं लागत असेल? तिथे पाहुणा आला की त्याच्या हातावर कोलोन्या, म्हणजे लिंबाच्या वासाचं अत्तरपाणी ओततात, आणि २०२० च्या मार्चमध्ये त्याच कोलोन्यासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या, कारण त्यात अल्कोहोल भरपूर असतं. वडीलधाऱ्यांच्या हाताचं चुंबन घेऊन तो कपाळाला लावायची पद्धतही आहेच. म्हणजे हात हा विषयच तिथे वेगळा. तेव्हा जाणवलं की आपल्याही प्रत्येक वाक्यामागे असं काहीतरी बसलेलं असणार आणि ते शोधल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

जानेवारी २०२३ मध्ये तज्ज्ञांची फेरी. आठ जण, त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, एक पीएसएमचे, म्हणजे सामाजिक आरोग्याचे, डॉक्टर, मराठीच्या प्राध्यापक, आणि गाईड मॅडमच्या आग्रहामुळे समाजशास्त्राचे एक निवृत्त सर. प्रत्येक वाक्य आवश्यक आहे, उपयोगी पण आवश्यक नाही, की नकोच, असं विचारायचं आणि लॉशेच्या सूत्राने रेशो काढायचा, म्हणजे 'आवश्यक' म्हणणाऱ्यांतून तज्ज्ञांचा निम्मा आकडा वजा करून त्याच निम्म्याने भागायचं. आठ तज्ज्ञ असतील तर तो किमान ०.७५ लागतो, म्हणजे आठातल्या सात जणांनी 'आवश्यक' म्हटलं पाहिजे. दोन जण नाही म्हणाले की वाक्य पडलं. म्हणून तज्ज्ञ घेताना विचार करून घ्या, जितके कमी तितकी अट कडक.

सार्वजनिक टेलिफोनचं वाक्य अपेक्षेप्रमाणे पडलं. एसटीडी-पीसीओची पिवळी पाटी आता कुठे दिसते? २००९ साली कॅनडात बसून ते लिहिणाऱ्यांनाही ते लवकरच जुनं होईल हे कळलं नसेल. मॅडम म्हणाल्या काढून टाकू नको, बदली दे, नाहीतर तुलना करता येणार नाही. एटीएमची बटणं, बसमधला वरचा दांडा आणि दुसऱ्याचा मोबाइल असे तीन पर्याय काढले. एटीएम गावातल्या म्हाताऱ्या बायकांना लागू नाही. बसचा दांडा धरण्यावाचून पर्याय नसतो, तो टाळणार कसा? दुसऱ्याचा मोबाइल कानाला लावणं राहिलं.

पण खरी अडचण त्या समाजशास्त्राच्या सरांनी काढली. वापरलेले कपडे घालायला आवडत नाही, कारण आधी घालणारा माणूस कसा होता ते माहीत नसतं, अशा अर्थाचं एक वाक्य आहे. सर म्हणाले, "बाई, हे जंतू मोजतंय का विटाळ मोजतंय?" मीटिंगमध्ये एकदम शांत झालं. त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडे दुसऱ्याचं कापड, दुसऱ्याचं पाणी, दुसऱ्याचं भांडं यातलं 'दुसरा कोण' हे आधी जातीने ठरत आलंय, जंतू नंतर आले. सोवळं पाळणारी एखादी आजी या स्केलवर भरपूर मार्क मिळवेल, पण तिच्या मनात आजार नसेलही. आणि ज्या माणसाला आयुष्यभर लांबून पाणी ओतलं गेलं तो बाटलीच्या वाक्याला काय उत्तर देईल आणि का देईल, याचा विचार कॅनडातल्या कॉलेजच्या मुलांवर बनवलेल्या स्केलमध्ये असणार तरी कसा.

मला तेव्हा वाईट वाटलं, खरं सांगते. सहा महिने घालवल्यावर कुणीतरी पायाखालची फरशीच हलवतंय असं वाटलं. घरी येताना एसटीत ठरवलं की सरांना फोन करून जरा वाद घालायचा. आठवडाभराने केलाही, पण वाद झाला नाही, तासभर तेच बोलले आणि मी लिहून घेतलं, आणि आज माझ्या थिसिसमधलं सगळ्यात बरं प्रकरण त्यावरच उभं आहे.

त्यामुळे पुढची पायरी, म्हणजे प्रीटेस्ट, मी वाढवली. बीटनच्या पद्धतीत ३० ते ४० लोकांना वाक्यं देऊन तुम्हाला काय समजलं ते विचारायचं असतं. लोक हे उरकतात, फॉर्म देतात आणि 'समजलं का' विचारतात, समोरचा 'हो' म्हणतो. तसं करू नका. प्रत्येक वाक्याला आकडा दिल्यावर विचारा, हा आकडा का दिला? त्यातच सगळं आहे. फेब्रुवारी ते एप्रिल २०२३ मी हेच करत होते, कऱ्हाडच्या बाजूची दोन गावं, सातारा शहर आणि पुण्यातल्या एका हॉस्टेलमधल्या मुली. रेकॉर्डिंगची परवानगी घेतली होती, तरी मोबाइल समोर ठेवला की लोक आकाशवाणीसारखं बोलायला लागतात, म्हणून बऱ्याचदा वहीतच लिहिलं.

मैत्रिणीच्या बाटलीतलं पाणी प्यायला काही वाटत नाही, या वाक्याला जवळजवळ सगळ्यांनी ७ दिलं. मला वाटलं, अरे वा, किळस कुणालाच नाही. कारण विचारल्यावर कळलं की आपण वरून पितो! तोंड न लावता. उष्टं होतच नाही, मग किळस कसली? एका मुलीने उलट मलाच विचारलं, "तोंड लावून पितं का कोण?" आता वाक्यात 'तोंड लावून' घातलंय, आणि एकदम आकडे १ पासून ७ पर्यंत पसरले. मूळ वाक्यात हे दोन शब्द नाहीत, पण मूळ वाक्य जे मोजतंय ते आपल्याकडे या दोन शब्दांशिवाय मोजलं जात नाही.

पैशाला हात लावल्यावर हात घाण वाटत नाहीत, हे दुसरं. किराणा दुकानदार म्हणाले, लक्ष्मी आहे, घाण कशी म्हणू? आणि हे म्हणताना ते बोटाला थुंकी लावून नोटा मोजत होते. 'चलनी नोटा आणि नाणी' असं केल्यावर थोडा फरक पडला, पूर्ण नाही. वापरलेल्या कपड्यांचं तर विचारूच नका, आपल्याकडे बाळाला पहिलं कापड मुद्दाम जुनं घालतात, मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला येतो, ते कुणी 'वापरलेले कपडे' धरतच नाही. म्हणून 'अनोळखी व्यक्तीने' असं घालावं लागलं, आणि ते घातलं की सरांचा प्रश्न आणखी धारदार होतो. त्यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. वाक्य ठेवलंय, पण ज्यांना वेगवेगळ्या समाजगटांची तुलना करायचीय त्यांनी या वाक्यासह आणि वाक्याशिवाय, दोन्ही प्रकारे गणित करून बघावं असं पेपरात स्पष्ट लिहिलंय.

सगळ्यात मजेशीर अडचण 'मला इतरांपेक्षा जास्त लवकर आजार होतात' या धर्तीच्या वाक्यांना आली. साठीच्या पुढच्या बायका आकडाच द्यायला तयार होईनात. "असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते." एकीने तर मला पण तसलं वाक्य मोठ्यांदा वाचू नको म्हणून दटावलं. मग फॉर्मच्या सुरुवातीला घातलं की हे पुढे काय होईल याबद्दल नाही, आजवर जे झालं त्यावरून सांगायचंय, आणि वाक्य मोठ्याने न वाचता कार्डावर दाखवायला लागले. कार्ड ही आयडिया खूप कामाची आहे, सात आकड्यांची एक लॅमिनेट केलेली पट्टी, पंधरा-वीस रुपयांत होते. ज्यांना आकडे जड जातात त्यांना पट्टीवर बोट ठेवायला सांगायचं.

मेन डेटा जून २०२३ ते जानेवारी २०२४. किती लोक लागतात यावर प्रत्येकाचं मत वेगळं, वाक्यामागे दहा जण हा ढोबळ हिशोब, आणि ईएफए (वाक्यांचे घटक कसे पडतात ते शोधणारं गणित) एका गटावर, सीएफए (तेच घटक टिकतात का ते तपासणारं) दुसऱ्या गटावर करायचं म्हणून मी चारशेच्या पुढे गेले. निम्मे गूगल फॉर्मवर, निम्मे कागदावर. फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला की भरणारे सगळे तुमच्यासारखेच निघतात, शिकलेले, शहरातले, पंचविशीतले, म्हणून कागद लागतोच. गावात पहिला प्रश्न ठरलेला, "कुठली योजना आहे?" दुसरा, "यात बरोबर उत्तर कुठलं?" आशाताईंना सोबत घेतलं तर दारं उघडतात, पण मग लोक त्यांना खूश करणारी उत्तरं देतात, हात धुतो, मास्क लावतो वगैरे. मी शेवटी एकटी जायला लागले, जास्त वेळ गेला पण उत्तरं खरी वाटली. ऊसतोडीच्या हंगामात आणि लग्नसराईत काम जवळजवळ बंद ठेवावं लागतं हे धरून चाला.

रिटेस्टसाठी तीन आठवड्यांनी त्याच लोकांकडून परत भरून घ्यायचं असतं. नाव घ्यायचं नाही पण जोडी तर जुळली पाहिजे, त्यासाठी कोड करा, आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेचा दिवस, मोबाइलचे शेवटचे दोन आकडे. आणि गळती धरूनच जास्त लोक घ्या, दुसऱ्यांदा भरताना लोक म्हणतात "परवाच दिलं की". तुलनेसाठी दुसरं स्केल लागतं, ते मराठीत आधीच असलेलं निवडा, नाहीतर तेही अ‍ॅडॅप्ट करत बसाल. मी जीएडी-७ घेतलं, काळजी मोजणारे सात प्रश्न आहेत, मराठीत मिळतं आणि परवानगीची भानगड नाही.

अ‍ॅनालिसिस जॅस्पमध्ये केलं, अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, महागड्या पॅकेजसाठी कुणाच्या मागे फिरू नका. आकडे इथे देत नाही कारण पेपर रिव्ह्यूत आहे, पण चित्र सांगते. दोन घटक आले, मूळसारखेच, तेव्हा हायसं वाटलं. आजार पटकन होण्याचा भाग छान जुळला. जंतूंच्या किळसेचा भाग ढिला राहिला, मूळ पेपरातही त्याचा अल्फा, म्हणजे वाक्यं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा, दुसऱ्यापेक्षा कमीच आहे, ०.७४ विरुद्ध ०.८७. आणि ती सहा उलटी वाक्यं आपापसातच चिकटून बसली. 'वाटत नाही' या वाक्याला 'पटत नाही' म्हणायचं, म्हणजे नक्की काय, यात लोक दमतात, आणि पहिल्या पानानंतर तर वाचणंच सोडतात. सीएफएमध्ये त्यांच्यासाठी वेगळा मेथड फॅक्टर, म्हणजे वाक्याच्या उलट्या रचनेचा परिणाम बाजूला धरणारा घटक, घालावा लागला. रिव्हर्स वाक्यं काढून टाकायचा मोह होतो, पण मग ते मूळ स्केल राहत नाही.

खर्चाचं विचारतात म्हणून, भाषांतरं, झेरॉक्स, एसटी, तज्ज्ञांचं चहापाणी, मुद्रितशोधन धरून तीस-पस्तीस हजार गेले, त्यात झेरॉक्स आणि प्रवास निम्म्याहून जास्त. अर्धा पगार कापला गेलेले रजेचे दिवस यात धरलेले नाहीत. सहामाही प्रगती अहवालात मात्र दोन वर्षं एकच ओळ जायची, 'स्केलचे काम चालू आहे', आणि समितीत दर वेळी कुणीतरी विचारायचं की अजून भाषांतरच चाललंय का. गाईड मॅडम नसत्या तर मी तिथेच रडले असते.

सध्या परिस्थिती अशी की पहिला रिव्ह्यू आलाय. एका रिव्ह्यूअरला बाटलीच्या वाक्यातले ते दोन जादा शब्द पटलेले नाहीत, त्यावर दीड पान उत्तर लिहिलंय. दुसऱ्याने विचारलंय की सगळे लोक पश्चिम महाराष्ट्रातले आहेत, विदर्भात हेच चालेल कशावरून? प्रश्न रास्त आहे. अमरावतीच्या एका कॉलेजशी बोलणं झालंय, एथिक्सची दुरुस्ती टाकलीय, आणि डेटा दिवाळीनंतर सुरू करेन, कारण दिवाळीच्या तोंडावर कुणाच्या दारात आजारपणाचे फॉर्म घेऊन गेलं तर लोक उभंही करणार नाहीत.